मानेच्या कॉन्टूरिंग शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मान आणि हनुवटीखालचा भाग रेखीव करून घेण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिल्या आठवड्यातली सूज, पट्टी, टाके यांची माहिती सगळीकडे मिळते. इथे भर आहे तो सहा महिन्यांनी, पाच वर्षांनी काय उरतं यावर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सर्जनने प्रत्यक्ष मान तपासून दिलेल्या सल्ल्याची जागा मात्र हे पान घेऊ शकत नाही.

१. नेक कॉन्टूरिंग म्हणजे नेमकी कोणती शस्त्रक्रिया?

एक ठरावीक शस्त्रक्रिया नाही. निदान चार वेगवेगळ्या गोष्टी या एकाच नावाने विकल्या जातात आणि त्यांचे धोके एकसारखे नसतात. मानेच्या पुढच्या भागात बाहेरून आत थर असे असतात: त्वचा, तिच्याखालची चरबी, प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू, त्या स्नायूखालची खोल चरबी, डायगॅस्ट्रिक स्नायू आणि जबड्याखालच्या दोन लाळग्रंथी.

लायपोसक्शनमध्ये काही मिलिमीटरच्या छेदातून २ ते ४ मिमी जाडीची नळी घालून फक्त वरची चरबी ओढून घेतात. प्लॅटिस्माप्लास्टीत हनुवटीखाली छेद घेऊन स्नायूच्या दोन कडा मध्यभागी शिवतात. नेक लिफ्टमध्ये कानाभोवती छेद घेऊन जास्तीची त्वचा कापून काढतात. डीप नेक लिफ्टमध्ये स्नायूखाली जाऊन खोल चरबी, डायगॅस्ट्रिक, कधी लाळग्रंथीचा काही भाग छाटतात. म्हणून पहिला प्रश्न 'धोका किती' हा नसून 'कोणत्या थरापर्यंत जाणार आणि तिथून काय काढणार' हा आहे. जितकं खोल जाल तितके जवळचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या महत्त्वाच्या होत जातात. जितकं जास्त काढाल तितकं परत भरून आणणं अवघड.

२. माझी चरबी वरची आहे की स्नायूखालची, हे घरच्या घरी कळतं का?

ढोबळ अंदाज येतो. हनुवटीखालची त्वचा चिमटीत धरा आणि मग दात आवळून, ओठांचे कोपरे खाली ओढून मानेचे स्नायू ताणा. चिमटीत तेवढीच जाडी राहिली तर चरबी बरीचशी वरची आहे. ताणल्यावर चिमटीतला ऐवज कमी झाला तर चिमटीतून निसटलेली चरबी स्नायूखाली आहे आणि ती साध्या लायपोसक्शनने निघणार नाही.

चरबी नसतानाही हनुवटीखाली भरलेलं दिसू शकतं. हनुवटी मागे असणं, गळ्यातलं हायॉइड हाड खाली असणं, लाळग्रंथी खाली उतरलेल्या असणं ही त्याची कारणं. अशा मानेवर लायपोसक्शन केलं तर धोका पूर्ण आणि फायदा नाममात्र. एका बाजूला गाठ लागत असेल किंवा गिळताना वर-खाली होणारा फुगवटा असेल तर आधी सोनोग्राफी करून थायरॉइड आणि लसिका ग्रंथी तपासून घ्या.

३. 'दीर्घकालीन' म्हणजे किती काळानंतर? मला दोन महिने झाले, अजून मान दगडासारखी लागते.

दोन महिन्यांचा कडकपणा अजून बरं होण्याच्या काळातच मोडतो. दिसणारी सूज बहुतेक दोन-तीन आठवड्यांत उतरते. हाताला लागणारा कडकपणा आणि मानेला आतून पट्टा बांधल्यासारखी भावना दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त टिकते. बधिरपणा सहा महिने ते वर्षभर कमी होत राहतो. व्रणाचा रंग आणि जाडी स्थिरावायला वर्ष ते दीड वर्ष जातं.

वर्षानंतरही जे बदलत नाही ते कायमचं धरून पुढचा विचार करावा. अपवाद दोन: ओठाच्या हालचालीत तीन-चार महिन्यांत काहीच फरक नसेल (प्रश्न ५) आणि नव्याने उगवलेली कोणतीही गाठ (प्रश्न २१). या दोन्हींसाठी वर्षभर थांबू नका.

४. कानाची पाळी बधिर आहे, कानातलं घालताना टोचलेलंही कळत नाही. हे कायमचं राहील का?

कानाच्या खालच्या अर्ध्या भागाला आणि जबड्याच्या कोपऱ्याला संवेदना देणारा ग्रेट ऑरिक्युलर मज्जातंतू हा फेसलिफ्ट आणि नेक लिफ्टमध्ये सर्वांत जास्त वेळा दुखावला जाणारा मज्जातंतू आहे. कानाच्या छिद्राच्या साधारण ६.५ सेंमी खाली तो मानेच्या बाजूच्या जाड स्नायूवरून जातो. तिथे त्वचा स्नायूला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे त्वचा सोडवताना कात्री सहज खोल जाते. केवळ हनुवटीखालून केलेल्या लायपोसक्शनमध्ये हा धोका जवळजवळ येत नाही.

तंतू फक्त ताणला गेला असेल तर संवेदना काही महिन्यांत परतते. मुंग्या येणं, मध्येच चमक येणं हे परतीचं लक्षण असतं. पूर्ण कापला गेला असेल तर पाळी कायमची बधिर राहू शकते. शस्त्रक्रियेदरम्यान ते लक्षात आलं तर त्याच वेळी सांधता येतं. क्वचित कापलेल्या टोकाला दुखरी गाठ होते आणि त्या एका बिंदूवर बोट ठेवलं की कानात झिणझिण्या जातात. ही तक्रार 'हळूहळू बरी होईल' म्हणून वर्षभर ऐकून घेऊ नका; इंजेक्शन किंवा छोट्या शस्त्रक्रियेने तिच्यावर उपाय होतो. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी किंवा हेअर ड्रायर नको, भाजल्याचं कळत नाही.

५. हसताना खालचा ओठ एका बाजूला उतरत नाही. चेहऱ्याचा मज्जातंतू कापला गेला का?

बहुतेक वेळा नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या दोन खालच्या फांद्या इथे येतात. एक जबड्याच्या कडेने जाते आणि खालचा ओठ खाली ओढते. दुसरी मानेतल्या प्लॅटिस्माला जाते, आणि प्लॅटिस्माही ओठाचा कोपरा खाली ओढायला मदत करतो. त्यामुळे दुसरी दुखावली तरी हसू वाकडं दिसतं.

फरक ओळखायचा तर खालचा ओठ बाहेर दुमडून पाहा. दुमडता आला तर जबड्याची फांदी शाबूत असून मानेची फांदी दुखावलेली असण्याची शक्यता जास्त. हे सहसा काही आठवडे ते काही महिन्यांत भरून येतं. दुमडता येत नसेल तर जबड्याच्या फांदीची इजा समजून लवकर तपासणी करून घ्यावी. दोन्हींत तोवर दुसऱ्या बाजूच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचं (स्नायू तात्पुरता ढिला करणारं औषध, बोटॉक्स) थोडं इंजेक्शन देऊन हसू सारखं करता येतं. कायमचा वाकडेपणा दुर्मीळ आहे, पण रोज बोलताना-हसताना समोरच्याला दिसणारा. म्हणून संमतीपत्रातल्या यादीत त्याला वरचं स्थान द्यावं.

६. लायपोसक्शन तर अगदी किरकोळ. त्यात दीर्घकालीन धोका तो काय?

छेद किरकोळ असतो, परिणाम नव्हे. मानेत सर्वांत जास्त पस्तावा होतो तो जास्त चरबी काढल्याचा. त्वचा आणि प्लॅटिस्मा यांच्यामध्ये काही मिलिमीटरचा चरबीचा थर राहायलाच हवा. तो पुरता खरवडला की त्वचा थेट स्नायूला चिकटते. मग गिळताना, बोलताना, मान वळवताना त्वचेवर रेघा आणि खळगे दिसतात, आधी झाकलेल्या प्लॅटिस्माच्या उभ्या दोऱ्या उघड्या पडतात, आणि नळी ज्या रेषांत फिरली ते चर प्रकाश बाजूने पडला की जाणवतात. नळीचं तोंड त्वचेकडे वळवून ओढल्यास हे हमखास घडतं.

यातली खोच अशी की सूज असताना निकाल सुंदर दिसतो. खळगे सूज भरून काढते. चौथ्या-सहाव्या महिन्यात सूज गेली की खरा आकार पुढे येतो, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चेहऱ्याची चरबी वयाने आणखी कमी होते तेव्हा तो आणखी कोरडा, हाडकुळा दिसतो. म्हणूनच अनुभवी सर्जन 'थोडं कमी वाटेल' इतकंच काढतात. राहिलेलं पुन्हा काढता येतं.

दुसरा धोका त्वचेचा. चरबी गेली तरी त्वचा आपोआप आवळेलच असं नाही. लवचीकता चांगली असेल तर आवळते. वय, ऊन, मोठी वजनघट यांनी ती गेली असेल तर भरलेल्या मानेची जागा लोंबती मान घेते आणि जी शस्त्रक्रिया टाळायची होती तीच, नेक लिफ्ट, मागाहून करावी लागते.

७. 'कोब्रा नेक' म्हणजे काय आणि तो दुरुस्त होतो का?

हनुवटीखाली मध्यभागी खोलगट खड्डा आणि दोन्ही बाजूंना उंचवटे, असा फणा उभारल्यासारखा आकार. मधली चरबी, विशेषतः स्नायूखालची, जास्त काढली आणि बाजूचा प्लॅटिस्मा किंवा डायगॅस्ट्रिक तसाच ठेवला, किंवा प्लॅटिस्मा मध्यभागी नीट शिवला नाही, की हे होतं. मान वर केली की जास्त दिसतं.

प्लॅटिस्माच्या कडा एकत्र आणणं, बाजूचे उंचवटे कमी करणं आणि खड्ड्यात शरीराच्याच दुसऱ्या भागातली चरबी भरणं असे उपाय आहेत. भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे एकापेक्षा जास्त बैठका लागू शकतात. चिकटलेली त्वचा आधी सोडवावी लागते. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा ही दुरुस्ती अवघड असते आणि 'पूर्वीसारखं' क्वचितच होतं.

८. सर्जन लाळग्रंथी थोडी छाटू म्हणतात. ती काढलेली चालते का?

चालते, पण या पानावरचा सर्वांत जड निर्णय हाच आहे. जबड्याखालच्या दोन ग्रंथी विश्रांतीच्या वेळची, म्हणजे खात नसताना तोंड ओलं ठेवणारी, साधारण ६० ते ७० टक्के लाळ बनवतात. जेवताना कानापुढच्या ग्रंथी जास्त काम करतात. थोडा भाग काढल्यावर बहुतेकांना कोरडेपणा जाणवत नाही, कारण उरलेला भाग पुरतो. मात्र ही राखीव क्षमता नंतर उपयोगी पडणारी असते: वयाबरोबर, अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या कित्येक गोळ्यांमुळे, तोंड आणि डोळे कोरडे पाडणाऱ्या शोग्रेन आजारात किंवा पुढे कधी डोक्या-मानेला रेडिएशन द्यावं लागलं तर. आजच तोंड कोरडं पडत असेल, डोळे कोरडे असतील किंवा दात झपाट्याने किडत असतील तर ग्रंथीला हात लावू देऊ नका.

शस्त्रक्रियेचे धोकेही वेगळे. ग्रंथीला लागून चेहऱ्याची धमनी आणि शीर जाते. इथला रक्तस्राव स्नायूखाली साचतो (प्रश्न ९). जिभेचे मज्जातंतूही जवळ आहेत. कापलेल्या पृष्ठभागातून लाळ पाझरत राहिली तर त्वचेखाली पाण्यासारखी सूज येते. ती जेवणाच्या वेळी फुगते, ही तिची खूण. सुईने काढणं, दाबपट्टी आणि उरलेल्या ग्रंथीत बोटुलिनम टॉक्सिन यांनी ती सहसा काही आठवड्यांत आटोक्यात येते.

विचारायचा प्रश्न सोपा आहे: ग्रंथी न छाटता मानेची रेघ किती टक्के मिळेल? उत्तर 'बरीचशी' असेल तर तिथेच थांबण्यात शहाणपण आहे.

९. रक्ताची गाठ ही तर पहिल्या दिवसाची गोष्ट. तिचा दीर्घकाळाशी काय संबंध?

मोठी गाठ वेळेत काढली नाही तर वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि त्वचा मरू शकते. लहान गाठ न काढता सोडली तर ती घट्ट होऊन महिनोन्महिने उंचवटा, काळसर डाग आणि चिकटलेली त्वचा मागे ठेवते. बहुतेक गाठी पहिल्या २४ तासांत होतात. पुरुषांमध्ये प्रमाण जास्त असतं आणि वाढलेला रक्तदाब हे टाळता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण आहे. म्हणून भुलीतून जागं होताना खोकला, उलटी आणि वेदना आवरणं हे टाक्यांइतकंच महत्त्वाचं.

स्नायूखालच्या गाठीने श्वासनलिका दाबली जाऊ शकते. एका बाजूने झपाट्याने वाढणारी सूज, आवळल्यासारखं वाटणं, आवाज बदलणं, गिळता न येणं, आडवं झाल्यावर दम लागणं यांपैकी काहीही झालं तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नका. थेट तातडीच्या विभागात जा.

१०. मी दिवसाला दोन-तीनच सिगारेटी ओढतो. शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर बंद केल्या तर चालेल?

नाही. नेक लिफ्टमध्ये त्वचा खालच्या थरापासून सोडवलेली असते आणि तिचं टोक, विशेषतः कानामागे, अगदी बारीक रक्तवाहिन्यांवर जगतं. निकोटिन त्याच वाहिन्या आवळतं. फेसलिफ्टवरच्या १९८४ च्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्वचा मरण्याची शक्यता सुमारे १२ पट आढळली होती. मेलेली त्वचा भरून येते ती रुंद, पांढुरक्या चट्ट्याने.

आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे निकोटिन पूर्ण बंद हवं. वेप, तंबाखू, मिश्री, निकोटिनचं च्युइंगम आणि पॅच हेही यात आले, कारण दोष धुराइतकाच निकोटिनचा आहे. काही सर्जन लघवीत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासून खात्री करतात. त्याचा राग मानू नये. बंद करणं जमणारच नसेल तर त्वचा मोठ्या प्रमाणावर न सोडवणारा पर्याय निवडावा किंवा काहीच करू नये.

११. कान टोचल्यावर मला केलॉइड झाला होता. मानेचे व्रण तसेच होतील का?

होऊ शकतात, आणि नेक लिफ्टचा छेद नेमका कानाभोवतीच असतो. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात केलॉइड असेल तर कानाभोवतीचा छेद शक्यतो टाळावा. केलॉइड आणि जाड झालेला व्रण यांत फरक आहे: जाड व्रण छेदाच्या रेषेतच राहतो आणि वर्षभरात बसत जातो, केलॉइड रेषेबाहेर पसरतो आणि वाढत राहतो. सावळ्या-गडद त्वचेत या दोन्हींबरोबर काळसर डाग राहण्याची प्रवृत्तीही जास्त. सिलिकॉन जेल किंवा पट्ट्या, उन्हापासून कसून बचाव आणि जाडपणाची चाहूल लागताच स्टिरॉइडचं इंजेक्शन हा क्रम. इंजेक्शनला उशीर केला की उपाय कमी लागू पडतो.

हनुवटीखालच्या छेदाबद्दल एक बारीक गोष्ट: तो नैसर्गिक घडीच्या आतच घेतला तर घडी आणखी खोल ओढली जाते. घडीच्या थोडा मागे घेतलेला छेद बरा.

१२. कानाची पाळी गालाला चिकटल्यासारखी दिसणं, दाढी कानामागे उगवणं, हे खरंच होतं?

होतं. त्वचा कापल्यावर सगळा ताण स्नायूऐवजी त्वचेच्या टाक्यांवर टाकला की काही महिन्यांत पाळी खाली ओढली जाते. ताण आतल्या थरावर घेतला असेल तर टळतं; झालंच तर वर्षभराने दुरुस्त करता येतं. छेद चुकीच्या जागी असेल तर कानामागची केसांची रेषा पायरीसारखी तुटते आणि केस बांधणाऱ्यांना ते झाकता येत नाही.

पुरुषांत दाढीची त्वचा कानाजवळ सरकते, त्यामुळे कानावर आणि कानामागे दाढी करावी लागू शकते. ज्यांना कानाभोवती काहीच नको आहे आणि पुढचा व्रण चालणार आहे, अशा वयस्क पुरुषांसाठी मानेच्या मध्यभागीच त्वचा कापण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यास व्रण समोर दिसणारच.

१३. परिणाम किती वर्षं टिकतो?

काढलेल्या चरबीच्या पेशी परत येत नाहीत. त्वचा आणि स्नायू मात्र वयानुसार सैल होतच राहतात. शस्त्रक्रिया घड्याळ मागे नेते, थांबवत नाही. सर्वांत आधी परततात त्या प्लॅटिस्माच्या उभ्या दोऱ्या, कारण स्नायू जिवंत आहे आणि आकुंचन पावतोच. टाका सुटला तर त्या काही महिन्यांतही दिसू लागतात. अशा वेळी पुन्हा शस्त्रक्रियेऐवजी बोटुलिनम टॉक्सिन पुरतं. परिणाम काही महिनेच टिकतो, आणि मात्रा जास्त झाली तर गिळायला त्रास होतो.

१४. आधी वजन कमी करू की आधी शस्त्रक्रिया?

आधी वजन, मग निदान सहा महिने ते स्थिर. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढलं तर उरलेल्या पेशी फुगतात, तेही असमान, कारण काही ठिकाणी त्या राहिलेल्याच नाहीत. बरंच घटलं तर त्वचा सैल होते.

वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेत असाल तर ते भूलतज्ज्ञाला स्पष्ट सांगा. या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं आणि उपाशी असूनही भुलीच्या वेळी पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका राहतो. डोस थांबवायचा की आदल्या दिवशी फक्त द्रवाहार घ्यायचा, हे त्यांनी ठरवावं.

१५. मग चरबी विरघळवणारी इंजेक्शनं, गोठवण्याची यंत्रं आणि त्वचा ओढून धरणारे धागे यांत तरी धोका नाही ना?

भूल आणि मोठा छेद टळतो. धोका टळत नाही. हनुवटीखालच्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक आम्लाच्या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये मान्यता दिली. ठरलेली पद्धत अशी: १ सेंमी अंतरावर प्रत्येकी ०.२ मिली, एका बैठकीत जास्तीत जास्त ५० टोचे, दोन बैठकींत किमान महिन्याचं अंतर, एकूण सहापर्यंत बैठका. चाचण्यांत सुमारे ४ टक्के लोकांत ओठाचा मज्जातंतू तात्पुरता दुबळा झाला. सगळे बरे झाले, पण सर्वांत लांबलेल्याला जवळपास दहा महिने लागले. उथळ टोचलं तर त्वचेला व्रण पडतो, पुरुषांत दाढीचे केस विरळ होऊ शकतात. मान्यता नसलेली 'फॅट डिझॉल्व्ह' इंजेक्शनं ही निराळी गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये एफडीएने त्यांबद्दल इशारा दिला. कुपीवर घटक आणि प्रमाण लिहिलेलं नसेल तर उठून या.

चरबी गोठवण्यात क्वचित उलटाच परिणाम होतो: काही महिन्यांनी तिथली चरबी यंत्राच्या आकारात कडक होऊन वाढते. ती आपोआप जात नाही, शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. धागे वर्षभरात विरघळतात, पण आतले चिकटे राहतात आणि पुढच्या नेक लिफ्टमध्ये सर्जनचं काम वाढवतात. त्वचा आवळणाऱ्या उष्णतेच्या उपकरणांत भाजणं, मज्जातंतूला इजा आणि नको तिथली चरबी जाणं हे धोके आहेत. हेलियम प्लाझ्माच्या एका उपकरणाबद्दल एफडीएने मार्च २०२२ मध्ये इशारा दिला आणि त्याच वर्षी पुढे मानेच्या सैल त्वचेसाठी मर्यादित मान्यताही दिली.

१६. हनुवटीचं इम्प्लांट बसवलं तर मानेवर कमी काम पुरेल का?

हनुवटी मागे असेल तर बऱ्याचदा हो, आणि तो चांगला सौदा असतो. दीर्घकाळात पाहायच्या गोष्टी तीन: संसर्ग झाला तर इम्प्लांट सहसा काढावं लागतं, ते सरकू शकतं, आणि वर्षानुवर्षं त्याच्या दाबाने खालचं हाड थोडं झिजतं. ही झीज बहुतेक वेळा एक्स-रेतच दिसते. मात्र इम्प्लांट दातांच्या मुळांच्या दिशेने वर बसलं असेल तर ती गांभीर्याने घ्यावी. स्वतःचं हाड कापून पुढे सरकवणं हा पर्याय आहे. त्यात खालच्या ओठाच्या बधिरपणाचा धोका असतो.

१७. मला घोरण्याचा त्रास आहे. मानेची चरबी काढल्यावर घोरणं थांबेल?

नाही. श्वास अडतो तो आतल्या भागात, जिभेमागे आणि टाळूमागे. बाहेरची चरबी काढल्याने तिथे जागा होत नाही. उलट जाड मान हेच स्लीप अ‍ॅप्नियाच्या (झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराच्या) तपासणीतलं एक चिन्ह आहे. प्रचलित प्रश्नावलीत ४० सेंमीपेक्षा जास्त घेराला एक गुण मिळतो. घोरणं, दिवसा झोप आणि जाड मान एकत्र असतील तर आधी झोपेची तपासणी करा. निदान न झालेला अ‍ॅप्निया, भूल आणि सुजलेली मान हे त्रिकूट पहिल्या रात्री धोक्याचं आहे.

१८. पुढे थायरॉइडचं ऑपरेशन लागलं तर अडचण येईल का?

करता येतं, पण अवघड होतं. थर एकमेकांना चिकटलेले असतात, न विरघळणारे टाके मध्ये येतात आणि मध्यभागी शिवलेला प्लॅटिस्मा सोडवून पुन्हा शिवावा लागू शकतो. तातडीने गळ्यातून श्वासनळी बसवायची वेळ आली तरी ही माहिती कामाची ठरते. म्हणून शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या: कोणता थर, काय काढलं, कोणते टाके. डिस्चार्ज कार्डावरचं 'नेक लिफ्ट' एवढंच पुरत नाही.

आधीच थायरॉइडची शस्त्रक्रिया किंवा मानेला रेडिएशन झालं असेल तर क्रम उलटा लागतो: त्वचेचा रक्तपुरवठा आधीच कमी असतो, त्यामुळे ती मोठ्या प्रमाणावर सोडवणं धोक्याचं. रेडिएशन झालेल्या मानेवर सौंदर्यासाठी असं काही करूच नये, असं आमचं मत आहे.

१९. 'मी केलेल्या ३० रुग्णांत एकालाही त्रास नाही,' असं सर्जन म्हणतात. यावर किती भरवसा ठेवावा?

ते खरं बोलत असतील, तरी ३० हा आकडा लहान आहे. संख्याशास्त्रातला एक सोपा नियम लावा: शून्य घटना दिसल्या तर खरी शक्यता साधारण ३ भागिले रुग्णसंख्या इथपर्यंत असू शकते. म्हणजे ३० पैकी शून्य असेल तर धोका १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३०० पैकी शून्य असेल तर १ टक्क्यापर्यंत.

दुसरी गोष्ट म्हणजे पाठपुरावा. नाराज रुग्ण बऱ्याचदा परत येतच नाही, दुसऱ्या सर्जनकडे जातो, आणि पहिल्याच्या नोंदीत तो 'त्रास नाही' या रकान्यात राहतो. त्यामुळे विचारा: यांतले किती जण एक वर्षानंतर तपासले? एक वर्षानंतरचे, मान ताणलेले आणि बाजूने प्रकाश पडलेले फोटो पाहता येतील का? दुरुस्ती लागली तर कोण करणार आणि कधी? डीप नेक करणार असाल तर तुम्ही आजवर किती ग्रंथी छाटल्या?

स्वतःसाठी यादी करताना प्रत्येक धोक्यापुढे टक्केवारीच्या आधी 'परत फिरवता येतं का' हे लिहा. कानाचा बधिरपणा वारंवार होतो, पण त्यासह जगता येतं. काढलेली ग्रंथी, खरवडलेली चरबी, कापलेली त्वचा परत येत नाही, टक्केवारी कितीही लहान असो.

२०. निकालावर समाधान नाही. दुरुस्ती लगेच करून घेऊ का?

किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबा. कडक, सुजलेल्या ऊतींत पुन्हा शिरलं की मज्जातंतू ओळखणं कठीण होतं आणि सूज निवळल्यावर ज्याची गरजच पडली नसती ते काढलं जातं. संसर्ग, वाढती गाठ, उघडी पडलेली जखम ही कारणं याला अपवाद.

घरच्यांना आणि सर्जनला दोष दिसत नाही, पण तुम्ही दिवसातले तासन् तास आरशात आणि फोनमध्ये मान तपासता, लोकांत जाणं टाळता, असं असेल तर दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरमध्ये शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही. असमाधान फक्त जागा बदलतं. हे ऐकायला कडू आहे, पण एकामागून एक तीन-चार दुरुस्त्या झालेली मान सुधारणं कोणाच्याही हातचं राहत नाही.

२१. शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली आणि आता एका बाजूला नवी गाठ लागते. व्रणाचीच असेल ना?

तसं गृहीत धरू नका. व्रणाचा कडकपणा काळाबरोबर मऊ होत जातो, नव्याने उगवत नाही. खाता-पिताना फुगत असेल तर लाळेचा मार्ग अडला असेल, खडा असेल. दाबल्यावर टोचत असेल आणि त्वचेखाली टोक लागत असेल तर न विरघळणारा टाका वर येत असेल. चरबी भरली असेल तर मृत चरबीची तेलकट गाठ असू शकते. आणि यांपैकी काहीही नसेल, तर ती लसिका ग्रंथी किंवा थायरॉइडची गाठ असू शकते, जिचा शस्त्रक्रियेशी संबंधच नाही. तीन आठवड्यांत न गेलेल्या गाठीची सोनोग्राफी करा, गरज वाटल्यास सुईने नमुना घेऊ द्या, आणि तपासणाऱ्याला मानेवर काय झालं होतं ते प्रश्न १८ मधल्या नोंदीसह दाखवा. जुन्या चिकट्यांमुळे सोनोग्राफीतलं चित्र फसवं दिसू शकतं आणि त्या नोंदीशिवाय त्याचा चुकीचा अर्थ लागतो.